अंगणातली हाजरी

दिगूने अंगणात चुन्याची रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या अलीकडे फरशी, पलीकडे नाली. कोपऱ्यात वाळूचा ढीग, शेजारी सिमेंटच्या गोण्या, त्यांच्यावर ताडपत्री. "ताई, एकदा नीट बघून घे," माझा धाकटा भाऊ म्हणाला. "उद्या मिस्त्री येतोय. मंग म्हणशील मला सांगितलं न्हाई."

मी नांदेडहून तेवढ्यासाठीच आले होते. रेणापूरला बस सोडली आणि पुढे जीपने गावात आले. वाटेत दोन्ही बाजूंची रानं नांगरून पडली होती, काळी आणि भेगाळलेली. यंदाही पाऊस कमीच झालेला. जीपमधली माणसं टँकरबद्दल बोलत होती.

"बघितलं," मी म्हणाले. रेघ ओलांडून पुढे गेले, आणि कुणी न सांगता उंबऱ्यासमोर एका जागी थांबले.

दिगू हसला. "बरोबर तुझ्या नंबरावर हुबी ऱ्हायलीस बघ."

आमच्या घरी रोज संध्याकाळी हाजरी होत असे. शाळेतली नव्हे, घरातल्या माणसांची. आमचे आजोबा फौजेत होते. गाव त्यांना 'मिल्ट्री' म्हणायचं, आम्ही आबा म्हणायचो. पलटणीतून ते नाईक होऊन परत आले. सोबत एक लोकरी कोट, एक शिट्टी, काळे बूट आणि ही हाजरी. बाकीच्या वस्तू हळूहळू झिजत गेल्या. कोटाला कसरीने भोकं पाडली, बुटांचे तळवे पुन्हा पुन्हा शिवले. हाजरी मात्र मी कॉलेजात असेपर्यंत न चुकता चालली.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. जे नक्की ठाऊक नाही ते मांडायची मला सवय नाही. म्हणून आधीच सांगते, आबांच्या लढाईबद्दल मला फार थोडं माहीत आहे. ते ब्रह्मदेशात होते एवढं ठाऊक आहे. पण हाजरी मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि त्या ओळीत उभी राहिले आहे.

दिवस बुडायला आला की आई चिमणीची काच राखेने पुसायची. चुलीवर भाकरीचा वास सुटलेला असायचा. रानातून आलेल्या माणसांच्या अंगाला घामाचा आणि कडब्याचा वास यायचा. आबा आतून कोट घालून बाहेर यायचे, उन्हाळ्यातसुद्धा. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास होता. मला तो वास आला की भूक लागायची, कारण हाजरीनंतर जेवण. ते दाराजवळच्या दगडावर उभे राहून एकदाच शिट्टी मारत. आम्ही ओळ धरायचो. पहिली आजी, मग माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, मग आई, किसनकाका, कौसल्याकाकू, मी आणि दिगू. आबा एकेक नाव घ्यायचे आणि ज्याने त्याने 'हाजीर' म्हणायचं. जो घरी नसेल त्याच्याबद्दल त्याच्या माणसाने सांगायचं. रानात. लातूरला. मामाच्या गावाला. आबा मान हलवून पुढचं नाव घेत. शेवटी 'लाईन तोड' म्हणत, की आम्ही चुलीकडे पळायचो. आबा मात्र सगळ्यांची ताटं उठल्यावर जेवत. सगळी जेवल्याबगर नाईक जेवत न्हाई, म्हणायचे.

वेशीपासचे दुकानदार अप्पा कपाळावर भस्माचे पट्टे लावून गादीवर बसलेले असत. ते आबांना चिडवायचे. "काय मिल्ट्री, आज कोन गैरहाजर? कोंबडी धरून मोजली का न्हाई?"

आबा गूळ घेता घेता म्हणायचे, "अप्पा, तुमची पोरं रात्री घरी हायत का, एवढं एकदा बघून या. मंग हसा."

किसनकाका हाजरीत कधी सरळ 'हाजीर' म्हणाला नाही. एकदा शेळीसारखा बेंबाटत म्हणाला. एकदा म्हाताऱ्यासारखा खोकत म्हणाला. आबांची शिट्टी तो तोंडाने हुबेहूब वाजवायचा. एकदा त्याने दुपारीच ती वाजवली, तर आजी पिठाचे हात घेऊन अंगणात येऊन उभी राहिली होती. "मेल्या, भाकर करपली माझी!" ती ओरडली. त्याचे केस दाट होते आणि तो त्यांना खूप तेल लावायचा. आबा त्याच्यावर डोळे वटारायचे. पण त्याचं नाव घेण्याआधी त्यांच्या मिशा किंचित हलायच्या. आज काय करतो हा, हे ऐकायची त्यांनाच जास्त घाई असायची.

कौसल्याकाकू तेव्हा नवी होती, उदगीरकडची. आईबाप नव्हते, भावाने लग्न लावून दिलेलं. ती 'हाजीर' इतकं हळू म्हणायची की आबा हाताने कानामागे आडोसा करायचे. एके दिवशी ती चांगली मोठ्याने म्हणाली, तर सगळी ओळ हसली. काकाने टाळी वाजवली. "आली, आली, पलटणीत आली!"

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

दुष्काळाचं मी काय सांगू. माझ्याजवळ वासच आहेत. रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरीचा वास, जो भाकरीसारखा नव्हता. दुष्काळी कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचा गोड, करपट वास. सुरुंग उडवल्यावर येणारा दारूचा वास. दादा आणि काका खडी फोडायला जायचे, आई आणि काकू पाट्या वाहायला. आबाही जायचे, बूट घालून. संध्याकाळी सगळे पांढऱ्या धुळीने माखून यायचे आणि अंग धुवायला पाणी नसायचं. तसेच ओळीत उभे राहायचे. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. काका म्हणायचा, "आबा, बघा, सगळी पलटण एका रात्रीत म्हातारी झाली."

नंतर इथलं कामही बंद पडलं. एक मुकादम आला. कुठल्या तरी धरणावर माणसं न्यायची होती. कुठल्या, ते मला आजही ठाऊक नाही. गावातली काही पोरं ट्रकमध्ये बसली, त्यात किसनकाका होता. काकू दारात उभी होती. तो तिच्याशी काही बोलला नाही, सगळ्यांसमोर कसा बोलणार. आजीला म्हणाला, "पाऊस पडला की आलोच."

त्या संध्याकाळी आबांनी नाव घेतलं, "किसन."

आजी म्हणाली, "ड्यूटीवर."

हा शब्द आबांचाच. कामाला गेलेल्या माणसाबद्दल असंच म्हणायचं, असा त्यांचा नेम होता. आबांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं.

पाऊस पडला. पुढच्या वर्षीही पडला. ट्रकमधून गेलेली बाकीची पोरं परत आली. त्यांनी सांगितलं ते असं, की काका त्यांच्यापासून वेगळा होऊन दुसऱ्या मुकादमाबरोबर पुढे गेला. याच्यापुढे कुणालाच काही माहीत नव्हतं. दादा अनेकदा शोधायला गेले. परत आले की नुसते हातपाय धुऊन ओळीत उभे राहायचे.

"किसन."

"ड्यूटीवर."

लहान असताना मला त्यात काही वाटायचं नाही. सूर्य बुडतो तसंच ते. पुढे समज आल्यावर मी ओळीतून मान न वळवता काकूकडे बघायला शिकले. ते नाव आलं की ती पायाच्या अंगठ्याने माती उकरायची. तिच्या पुढ्यात एक लहानसा खळगा झाला होता. आजी सकाळी सडा घालताना तो बुजवायची. संध्याकाळी पुन्हा व्हायचा.

आजी थंडीत वारली. तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदा हाजरी झाली तेव्हा आबांनी तिचं नाव घेतलं नाही. तिला त्यांनी स्वतः माती दिली होती, तिच्याबद्दल त्यांना शंका नव्हती. दादांपासून सुरुवात केली. मग आई. मग "किसन."

उत्तर द्यायचं काम आजीचं होतं. आबा थांबले. शेवटी काकू म्हणाली, "ड्यूटीवर." तिथून पुढे रोज तीच म्हणू लागली.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी लातूरला कॉलेजात होते. गावभर कमानी, पताका, नव्या पाट्यांना ताज्या रंगाचा वास. लोक एकमेकांना पेढे देत होते. थोड्या दिवसांनी आबा आले, कोट घालून. माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, "चल माझ्यासंगं. नवा जिल्हा झाला. नवे साहेब आले असतील. किसनचं सांगून येऊ."

त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. जुन्या जिल्ह्याला त्यांनी अनेक खेटे घातले होते. आता जिल्हाच दाराशी आला होता. आम्ही एका कचेरीत गेलो. टेबलं नवी होती, काहींची वेष्टणंसुद्धा काढली नव्हती. तिथल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्याने आबांना बसायला स्टूल दिलं.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचा मुलगा हरवला तेव्हा हा जिल्हाच नव्हता. आम्ही कुठं शोधायचं? जुन्या जिल्ह्याला जावा."

"तिथं गेलो होतो. ते म्हणले, आता तुमचं सगळं लातूरला."

"इथं अजून काही आलंच न्हाई, बाबा."

आबा उठले आणि सवयीने टाचा जुळवून सलाम केला. कारकूनही गडबडीने उठून उभा राहिला. परतताना गंजगोलाईपाशी मी त्यांना म्हटलं, उसाचा रस घेऊ. त्यांनी ग्लास हातात धरला आणि बर्फ वितळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

त्याच सुमारास काकूला मागणं आलं. भोकरचे लोक होते, आमच्या आईच्या मामांच्या ओळखीतले. मुलाची बायको बाळंतपणात गेलेली, पदरात लहान मुलगी, रस्त्याच्या कामावर कायमची नोकरी. मामा आधी एकटेच विचारायला आले. आबा म्हणाले, "ती माझ्या पोराची बायको हाय. माझा पोरगा ड्यूटीवर हाय." मामा चहा न घेता उठले.

सुट्टीला मी घरी आले होते. आबा दारात बसून बुटांना पॉलिश करत होते. आई पदर सावरून चौकटीआड उभी राहिली.

"आबा, एक बोलू का? रागावू नका."

"बोल."

"तुम्ही रोज भाऊजींचं नाव घेता. आन् ती रोज मान खाली घालून हुबी ऱ्हाती. नाव घेणं सोडा. पोरगी मोकळी हुईल."

आबा बराच वेळ फडकं फिरवत राहिले. मग जे बोलले, ते लढाईबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं एकमेव बोलणं.

"ब्रह्मदेशात एक जण जंगलातून परत आला न्हाई. मी रोज नाव घ्यायचो. साहेब म्हणला, आता काट. मी काटलं. थोड्या दिसांनी आला की लंगडत! हाजरीला सगळ्यांसंगं हुबा ऱ्हायला. नावं संपली. मला म्हणतो, नाईक, माझं नाव न्हाई आलं." आबांनी बूट खाली ठेवला. "काय सांगू त्याला? त्यानं माझ्याकडं कसं बघितलं, ते अजून दिसतं. उद्या किसन आला आन् म्हणला, आबा, माझं नाव न्हाई आलं, तर?"

आई आत गेली नाही.

"आन् तिचं नाव, आबा?" ती म्हणाली. "उद्या तुम्ही न्हाई, आम्ही न्हाई. तिला लेकरू न्हाई, बाळ न्हाई. तिचं नाव कोन घेईल?"

आबांनी दुसरा बूट उचलला.

त्यानंतरची हाजरी, त्याच आठवड्यातली. ऊन उतरलं होतं, शेजारी कुणी तरी लसणाची फोडणी दिली होती. आबांनी दादांचं नाव घेतलं, आईचं घेतलं.

"किसन."

काकूचा अंगठा मातीत फिरत होता. तो थांबला. तिने मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ आबांच्या डोळ्यांत बघितलं.

"ठाऊक न्हाई, आबा."

ती चिडून म्हणाली नाही, रडूनही नाही. मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. दिगूने माझा हात धरला. आबांचा हात शिट्टीकडे गेला, परत खाली आला. तोंड उघडलं. पुढचं नाव काकूचंच होतं. ते त्यांना घेता येईना. अखेर त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि ते घरात गेले. 'लाईन तोड' कुणीच म्हणालं नाही, म्हणून आम्ही अंधार पडेपर्यंत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी दादांना सांगितलं, "भोकरच्या पाव्हण्यांना बोलीव."

ते आले. मुलगा आला नव्हता, त्याचे वडील आणि चुलते होते. सतरंजी टाकली. काकू आत चुलीपाशी चहा करत होती, मी तिच्याजवळ बसले होते. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"हे पाहा मिल्ट्रीसाहेब," मुलाचे वडील म्हणाले, "आम्ही सगळं ऐकून आलो. पोरीबद्दल आमचं काही म्हणणं न्हाई. फक्त एक सांगा. तुमचा मुलगा हाय का न्हाई? उद्या येऊन दारात हुबा राहिला तर आम्ही काय करावं?"

काकूच्या हातात चिमटा होता. तो तिने जमिनीवर ठेवला, आवाज होऊ न देता.

आबांनी एवढंच म्हणायचं होतं, की न्हाई, मेला. चारजणांनी माना हलवल्या असत्या आणि सगळं सोपं झालं असतं.

"माझा पोरगा हाय का न्हाई, मला ठाऊक न्हाई," आबा म्हणाले. "माझी पोरगी हाय. ती आत च्या करून राहिली. तिला इचारा. हाव म्हणली तर घेऊन जा. उद्या तो येऊन हुबा ऱ्हायला तर तुमच्या दारात येणार न्हाई, माझ्या दारात येईल. मी हाय ना इथं. त्याला काय सांगायचं ते मी सांगीन."

चहा उतू गेला. जळक्या दुधाचा वास घरभर झाला. आई आत आली आणि तिने काकूच्या खांद्यावर हात ठेवला. "कौसल्या, बोल. हाव का न्हाई?"

"हाव," काकू म्हणाली आणि राखेने चूल पुसायला लागली.

लग्न साधं झालं. तसबिरींपुढे मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण पंचशील झालं, काकू पांढऱ्या साडीत होती. बापाच्या जागी आबा उभे राहिले. भोकरला जायला जीप आली तेव्हा आबांनी वाकून तिचे चारही टायर बघितले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सावकाश. रस्ता खराब हाय." काकू त्यांच्या पाया पडायला गेली, तर त्यांनी तिला वाटेतच धरलं. ती काहीतरी बोलली. जीप चालू होती, मला ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सवयीने ओळ धरली. दादा, आई, मी, दिगू. दोन माणसांएवढी जागा मधे सुटली. आबा बाहेर आले, अंगात कोट नव्हता, नुसता सदरा. इतके बारीक ते मला कधी दिसले नव्हते. ते दगडावर चढलेच नाहीत. त्या मोकळ्या जागेत आले आणि ओळीकडे तोंड न करता, आमच्यासारखेच घराकडे तोंड करून मातीत बसले.

दिगूने विचारलं, "आबा, हाजरी?"

"भूक लागली रे," आबा म्हणाले. "वाढ गं, पोरी."

आईने तिथेच ताटं आणली. आबा आमच्याबरोबर जेवले, पहिल्यांदा. भाकरी कुस्करायला त्यांना फार वेळ लागत होता. आम्हीही हळूहळू जेवलो.

त्यानंतर आमच्या घरी हाजरी झाली नाही. आबा संध्याकाळी फाट्यावर जाऊन बसायचे, शेवटची एस.टी. निघून जाईपर्यंत. विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करून आलो. ते पुष्कळ जगले, दादांच्या अंदाजापेक्षा जास्त. शेवटी शेवटी तब्येत साथ देत नव्हती तरी दवाखान्यात राहायला तयार नसत. घरी पायजे मी, म्हणायचे. लोक सांगतात की मरताना त्यांनी काकाचं नाव घेतलं. मी शेजारी होते. त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. दाराकडे बघत होते, हे खरं.

दिगूने फीत काढली आणि उंबऱ्यापासून रेघेपर्यंत अंगण मापलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. भोकरहून कौसल्याकाकू होती. मी गावी जाणार, हे तिला सांगितलं होतं. तिला दोन मुलं झाली, सावत्र मुलगी तिनेच वाढवली, नातवंडं आहेत. भोकरचे काका मागच्या उन्हाळ्यात वारले.

"पोचलीस का?"

"पोचले, काकू. दिगू अंगणात फरशी टाकून राहिला."

"टाकू दे बाई. चिखल लई व्हायचा." मागे नातवाचा रडण्याचा आवाज आला. तिने त्याला गप्प केलं. मग तिचा आवाज खाली आला, अगदी पहिल्या दिवसांतल्यासारखा. दरवेळी ती विचारते, आणि दरवेळी सगळ्यात शेवटी विचारते. "गावात कुणाकडून त्याचं काही कळलं का गं?"

"न्हाई, काकू."

"बरं," ती म्हणाली. "उन्हात हुबी ऱ्हाऊ नको. आत जा."